यादीत नाव लागल्यानंतर

बारावीचा निकाल लागला की लालबाग-परळच्या चाळींत पेढे वाटले जातात, पण खरी घालमेल सुरू होते ती त्यानंतर महिन्या-दीड महिन्याने. नाव कुठेच लागलं नाही, तर काय करायचं हे घराला निदान कळतं. धावाधाव करायची, चौकशा करायच्या, पुढच्या फेरीची वाट बघायची. नाव दोन-तीन ठिकाणी लागलं, की मात्र घरातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात. आई एकीकडे, वडील दुसरीकडे, गावाहून फोन करणारे काका तिसरीकडे, आणि ज्याचं नाव लागलंय ते पोर गॅलरीच्या कठड्याला टेकून गप्प उभं.

मी परळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावरही पावसाळ्यात संध्याकाळी मंडळाच्या खोलीत बसते. त्याच खोलीत वर्गणीची पावतीपुस्तकं असतात, तिथेच जूनमध्ये वह्यावाटप होतं, आणि गुणगौरव समारंभाचे उरलेले हार दुसऱ्या दिवशीपर्यंत तिथेच लटकत असतात. माझे जुने विद्यार्थी येतात, त्यांची भावंडं येतात, आता तर त्यांची मुलं येऊ लागली आहेत. प्रश्न एकच असतो. "बाई, तिकडे पण लागलंय आणि इकडे पण लागलंय. काय करू?"

या भागाला निवडीची सवय नव्हती, हे आधी सांगायला हवं. गिरण्या चालू होत्या तेव्हा मुलगा अठराचा झाला की वडिलांच्या ओळखीने बदली कामगार म्हणून लागायचा आणि वर्ष-दोन वर्षांत कायम व्हायचा. कॉलेजात जाणारे होते, पण ते चाळीत मजल्यागणिक एखाददुसरे. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक पुन्हा आत गेलेच नाहीत. त्यानंतरच्या वर्षांत मी शाळेत लागले. वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील कुठे वॉचमन होते, कुठे भाजीची गाडी लावत होते, कुणी गावी परतले होते. शिक्षणाशिवाय वाट नाही हे त्या पिढीने आपल्या पोरांना घोकून घोकून सांगितलं. पण शिक्षणाच्या दोन वाटा समोर आल्या तर त्यातली कुठली धरायची, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. म्हणून ते शाळेच्या बाईंकडे येत. आजही येतात, याचं मला मोल वाटतं.

तेव्हा याद्या कॉलेजच्या फळ्यावर लागत. सकाळी दादरला उतरायचं आणि एक फेरीच करायची: रुईया आणि पोदार शेजारीशेजारी, पुढे किंग्ज सर्कलकडे खालसा, मग पूल ओलांडून पश्चिमेला रुपारेल, आणि उतरणीला प्रभादेवीजवळ कीर्ती. मुलं वहीत टक्के टिपून आणत. एकाच पोराचं नाव दोन-तीन याद्यांत असे आणि पैसे भरायला दोन दिवस मिळत. त्या दोन दिवसांत निर्णय व्हायचा. तो बहुतेक वेळा कोण जास्त मोठ्याने बोलतं यावर ठरायचा.

अकरावीचे प्रवेश मुंबईत 2009 पासून ऑनलाइन झाले आणि ती फळ्यासमोरची गर्दी गेली. 2025 पासून ही पद्धत सगळ्या राज्याला लागू झाली. बारावीनंतरची गुंतागुंत मात्र वाढतच गेली आहे. इंजिनिअरिंगच्या फेऱ्या राज्याच्या सीईटी सेलच्या, मेडिकलच्या नीटच्या गुणांवर, चित्रकलेची सीईटी निराळी, हॉटेल मॅनेजमेंटची परीक्षा निराळी, आणि बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या याद्या कॉलेजं आपापल्या लावतात. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. त्यामुळे दोन जागा एकाच वेळी समोर ठेवून तोलायची सोय क्वचितच मिळते. बी.एस्सी.ची जागा जूनमध्ये हातात येते आणि इंजिनिअरिंगची यादी ऑगस्टमध्ये. हातातली जागा आणि येऊ शकेल अशी जागा, यांच्यातली ही निवड असते. बाहेरून बघणाऱ्याला ती फार सोपी वाटते.

आणखी एक गोष्ट पालकांच्या उशिरा लक्षात येते. केंद्रीय फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ती जागा पक्की धरली जाते, पुढच्या फेरीत ती बदलून मागता येत नाही. म्हणजे खरी निवड यादी लागल्यावर होत नाही. फॉर्म भरताना, पसंतीक्रम लावताना ती होऊन गेलेली असते. एका हुशार मुलाने मित्राच्या फॉर्मवरून क्रम जसाच्या तसा उतरवला, कारण सायबर कॅफेत रांग होती आणि त्याच दिवशी मुदत संपत होती. मित्राला हवं होतं ते कॉलेज याला मिळालं. घरी आनंद झाला, पेढे आले, आणि रात्री तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "बाई, मला सिव्हिल नको होतं." त्याच्या गुणांना मेकॅनिकल सहज मिळालं असतं. म्हणून आता मी फॉर्म भरायच्या आधीच मुलांना बोलावते. पसंतीक्रम हाताने कागदावर लिहायचा, रात्रभर उशाशी ठेवायचा, सकाळी पुन्हा वाचायचा आणि मगच कॉम्प्युटरपुढे बसायचं, असा माझ्याकडे नियमच आहे.

कॉलेज मोठं की शाखा मोठी, हा वाद आमच्याकडे दरवर्षी रंगतो. त्यातली एक मुलगी माझ्या कायम लक्षात राहिली. तिच्यापुढे तीन जागा होत्या: रुईयात बी.एस्सी. फिजिक्स, पनवेलच्या बाजूला एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर, आणि व्हीजेटीआयत टेक्स्टाइल. टेक्स्टाइल हा शब्द ऐकून तिचे वडील उठून गॅलरीत गेले. ज्या धंद्याने आमचं घर बसवलं, त्यात पोरीला घालू? त्यांचं म्हणणं मला कळत होतं. संपाच्या वेळी ते शाळेत होते, आणि घरातला तांदळाचा डबा रिकामा झालेला त्यांनी पाहिला होता.

व्हीजेटीआय 1887 साली भायखळ्याला निघाली तेव्हा गिरण्या आणि कारखान्यांना लागणारी शिकलेली माणसं घडवणं हेच तिचं मोठं काम होतं. 1923 मध्ये ती माटुंग्याला आली. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले, तरी तो विभाग राहिला. हे मी वडिलांना सांगत होते, पण इतिहासाने कुणाचं मन वळत नाही. बोलले ते आजोबा. ते गिरणीत साचाखात्यात होते. कानाने कमी ऐकू येत असलं तरी विषय त्यांना बरोबर कळला होता. ते एवढंच म्हणाले, "बघून तर ये."

ती मैत्रिणीला घेऊन बघून आली. तिथल्या एका वरच्या वर्गातल्या मुलीने तिला सांगितलं की कापड म्हणजे आता साडी आणि धोतर एवढंच राहिलेलं नाही. ऑपरेशनमध्ये लागणारी जाळी, गाडीतली एअरबॅग, रस्त्याखाली अंथरायचं कापड, सगळं याच विषयात येतं. परत आली ती कॉलेजबद्दल बोलतच नव्हती, त्या जाळीबद्दल बोलत होती. शरीरात राहून ती कशी विरघळत असेल, हेच तिचं चाललं होतं. मला उत्तर तिथेच मिळालं. तिने टेक्स्टाइल घेतलं. आजोबांनी नातीचा पहिल्या वर्षाचा निकाल पाहिला.

पुढच्याच वर्षी अगदी असाच पेच घेऊन एक मुलगा आला, आणि त्या मुलीचं उदाहरण सगळे त्याच्या तोंडावर मारू लागले. हा मात्र निराळा होता. मंडळाच्या वर्गणीचा हिशोब मोबाइलवर ठेवायचं छोटं ॲप त्याने बारावीत असतानाच तयार केलं होतं, आणि त्यातल्या चुका रात्री जागून दुरुस्त करायचा. नावाजलेल्या कॉलेजातली नको असलेली शाखा घेऊन त्याला चार वर्षं मन मारायला लावण्यात काही अर्थ नव्हता. त्याने कमी नावाच्या कॉलेजात कॉम्प्युटर घेतलं. तेही बरोबर होतं. एका घरात लागू पडलेलं औषध शेजारच्या घरात उपयोगाचं नसतं, हे डॉक्टरांना पटतं पण चाळीला पटत नाही.

निर्णय कसा घ्यायचा, याचं सूत्र मला कुणीही विचारतं. सूत्र माझ्याकडे नाही. मी एक काम मात्र सगळ्यांना सांगते. ज्या ज्या ठिकाणी नाव लागलंय, त्या प्रत्येक ठिकाणचा ऑगस्टमधला एक साधा कामाचा दिवस लिहून काढ. किती वाजता उठणार, कुठली गाडी पकडणार, हिंदमाताला पाणी भरलं तर काय करणार, वर्गात किती तास, डबा की कँटीन, घरी किती वाजता, आणि मुख्य म्हणजे अभ्यास कुठे बसून करणार. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात तिथे हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोठा असतो. करी रोडहून कुर्ला, कुर्ल्याहून हार्बरने पनवेल, तिथून रिक्षा, असा रोजचा जाऊन-येऊन तीन-चार तासांचा प्रवास करून आलेलं पोर रात्री दहा वाजता पुस्तक उघडेल, असं आईवडील धरून चालतात. काही मुलं उघडतातही. पण ज्या कॉलेजची लायब्ररी संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी असते आणि जिथून चालत घरी येता येतं, त्याचं मोल यादीतल्या टक्क्यांत दिसत नाही. गिरगावातून विल्सनला चालत जाणाऱ्या एका मुलीने तो दिवस लिहिला, आणि स्वतःच म्हणाली, "माझे तीन तास वाचतात. मी जर्मन शिकेन." नंतर ती खरंच शिकली आणि आज त्याच भाषेवर तिची नोकरी आहे.

हा कागद लिहिताना मुलं खोटं बोलत नाहीत, असा माझा अनुभव आहे. 'मला कुठे जायचंय' हे विचारलं तर ती आपल्याला हवं ते उत्तर देतात. 'दिवस कसा जाईल' हे लिहायला लावलं की एखाद्या कागदावर अक्षर भराभर पुढे जातं आणि दुसऱ्यावर चार ओळींत अडतं.

घरच्यांच्या गराड्यात मूल बोलत नाही, हेही लवकरच कळलं. मग मी त्यांना नरे पार्कला चक्कर मारायला घेऊन जाऊ लागले. एका मुलाचं नाव पोदारला बी.कॉम.साठी लागलं होतं आणि जे.जे.त उपयोजित कलेसाठीही. मंडळाची सजावट चार वर्षं त्याच्याच हातची होती, पडद्यावर त्याने रंगवलेला रायगड बघायला आजूबाजूच्या गल्ल्यांतली माणसं येत. वडील म्हणत होते, पोदार. चित्रं काढून घर चालत नाही. सगळ्या चाळीने ठरवून टाकलं, की बाप पोराची कला मारतोय. त्याचे मित्र माझ्याकडे तक्रार घेऊन आले, 'बाई, तुम्ही काकांना समजवा.' मीही मनाशी वाक्यं जुळवायला लागले होते.

आधी त्याला घेऊन चक्कर मारली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाई, मला चित्र काढायला आवडतं, पण कुणी सांगेल तसं काढायला नाही आवडत. जे.जे.त गेलो तर तेच काम होईल ना पुढे? साबणाचं, बिस्किटाचं?" जाहिरातीच्या धंद्यात असलेल्या एका माजी विद्यार्थ्याशी मी त्याची गाठ घालून दिली. तो त्याच्याशी तासभर बोलला, पहिल्या पाच वर्षांची ओढाताण त्याने लपवली नाही, कामातला आनंदही लपवला नाही. मुलाने पोदार घेतलं. वडिलांनी दटावलं म्हणून नव्हे. त्याचं स्वतःचं कारण होतं आणि ते त्याने घरी नीट सांगितलं. वडील आणि तो, दोघेही एका बाजूला आहेत हे चाळीला बऱ्याच दिवसांनी कळलं. सजावट अजून तोच करतो. त्या दिवसापासून मी कुठल्याही मुलाची बाजू त्याला विचारल्याशिवाय घेत नाही.

मुलींच्या बाबतीत वेगळी लढाई असते आणि ती मी आयुष्यभर लढले. कितीतरी वर्षं एकच वाक्य ऐकलं: पोरगी हुशार आहे बाई, पण पुढच्या वर्षी धाकट्याची फी आहे. इंजिनिअरिंगची जागा हातात असलेल्या मुलींनी ती सोडून जवळच्या कॉलेजात बी.कॉम. केलं, आणि धाकट्याने पुढे काय केलं ते विचारू नये. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, 8 लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी ते निम्मं माफ होतं. त्या वर्षी पहिल्यांदा असं झालं, की एक बाप मुलगी आणि मुलगा दोघांचे कागद माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "हिचं तर होऊन गेलं, याचं बघा." त्या मुलीचा चेहरा मी विसरणार नाही. पण यातही मेख आहे. ही सवलत केंद्रीय फेरीतून घेतलेल्या जागेला आहे, मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला नाही. आणि त्यासाठी दाखले वेळेत हवेत. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, जात पडताळणी यांसाठी निकालानंतर रांग लावून उपयोग नाही. दहावीची सुट्टी लागली की त्या कामाला लागावं. जात पडताळणीचं प्रमाणपत्र नाही म्हणून राखीव जागा हातची गेलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्या घरांत पुढे कित्येक महिने कुणी मोठ्याने हसलेलं मी ऐकलं नाही.

पैशांचं बोलणं मुलापासून लपवू नये, या मतावर मी ठाम आहे. पालक म्हणतात, तू फक्त अभ्यास कर, पैशांचं आम्ही बघू. मूल मात्र सगळं बघत असतं. आईच्या बांगड्या कमी झाल्या हे त्याला बरोबर दिसतं. त्यापेक्षा कागद घ्यावा, सगळ्यांनी बसावं आणि प्रत्येक जागेचा पूर्ण खर्च मांडावा. पहिल्या वर्षाच्या फीवर थांबू नये, चारही वर्षं धरावीत. अनामत रक्कम, पास, पुस्तकं, होस्टेल, मेस, लॅपटॉप, सगळं. शैक्षणिक कर्ज घ्यायचं असेल तर शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज चढत असतं, हेही मुलाला ठाऊक असावं. एका मुलाने तो कागद बघून स्वतः सांगितलं की मला कोट्यातली जागा नको, मी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाईन. तसा तो गेला. वडिलांनी प्रॉव्हिडंट फंड काढायचं ठरवलं होतं, तो वाचला.

मेडिकलच्या घरांतला ताण सगळ्यांत जास्त असतो. एका मुलीला मुंबईत नायरच्या दंत महाविद्यालयात जागा मिळत होती आणि पुढच्या फेरीत गोंदियाच्या शासकीय कॉलेजात एम.बी.बी.एस.ची. आईने मुलीला कधी रात्रीच्या गाडीने एकटं पाठवलं नव्हतं. गोंदिया म्हणजे महाराष्ट्राचं दुसरं टोक. संध्याकाळी सीएसएमटीहून विदर्भ एक्सप्रेसने निघायचं आणि दुसऱ्या दिवशी पोचायचं. आई माझ्याकडे येऊन रडली. "बाई, एकुलती एक आहे. नायर कसं, बसने जाऊन येईल." दंतवैद्यक वाईट नाही, हे मी त्यांना सांगितलं, आणि मुलगी बसने जाऊन येईल हे काही कमी सुख नाही हेही. पण मुलीला विचारलं तेव्हा तिने सातवीतली गोष्ट काढली. आजी केईएममध्ये होती, जनरल वॉर्डमध्ये, आणि एक तरुण डॉक्टर रात्री दोन वाजता आजीच्या पायाशी बसून तिला औषध कसं घ्यायचं ते मालवणीत समजावत होता. तिला तो डॉक्टर व्हायचं होतं. दात नव्हते बघायचे.

मग आम्ही तिघी बसलो. शासकीय कॉलेजात एम.बी.बी.एस. झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा करावी लागते, तेव्हा ती नाही केली तर 10 लाख रुपये भरावे लागत. म्हणजे इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं आणि वर एक. हे आधीच सांगितलेलं बरं. आई म्हणाली, इतकी वर्षं? मुलगी म्हणाली, आई, तेवढी वर्षं तशीही जाणारच आहेत. आई स्वतः तिला सोडायला गेली, होस्टेलची खोली बघितली, शेजारच्या मुलीच्या आईचा नंबर घेतला आणि परत आली. परत आल्यावर ती माझ्याशी बोलली ते मुलीबद्दल नव्हतं. म्हणाली, "बाई, मी पण पहिल्यांदाच एवढी लांब गेले." ती मुलगी आता डॉक्टर आहे.

दूर जावं की जवळ राहावं, यावर माझं मत वर्षांगणिक बदलत गेलं. पूर्वी मी दूर पाठवायच्या विरुद्ध असे. मग असं लक्षात आलं, की आमच्या भागातली काही मुलं चाळीच्या सावलीत कधी मोठीच होत नाहीत. सगळे ओळखतात, सगळे सांभाळून घेतात, सगळे विचारतात. त्यांना कुठेतरी अनोळखी असण्याची गरज असते. आणि काही मुलं अशी असतात, की ती सावली काढून घेतली तर ती कोमेजतात. कोण कुठल्या प्रकारचं आहे, हे आईला नेमकं ठाऊक असतं. फक्त तिला तिच्या भीतीपासून थोडं बाजूला बसवून विचारावं लागतं.

मराठी माध्यमाच्या मुलांना फोर्टकडच्या कॉलेजांची धास्ती असते, तिथे इंग्रजी फाडफाड चालतं म्हणून. त्याबद्दल फार लिहीत नाही. पहिले सहा महिने जड जातात आणि नंतर जात नाहीत. इंग्रजीच्या भीतीने हातात आलेली चांगली जागा सोडू नये, एवढं मी प्रत्येकाला सांगते.

शेवटी ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती सांगते. एकाच इमारतीतले दोघे. वरच्या मजल्यावरच्या मुलाने माटुंग्याच्या एका कॉलेजात बी.एस्सी. आयटीला प्रवेश घेतला होता. नंतर त्याला इंजिनिअरिंगची जागा मिळाली आणि तो तिकडे जाऊ लागला. आधीचा प्रवेश त्याने रद्द केला नाही. फी भरलीय, राहू दे, तिकडे नाही जमलं तर इकडे आहेच, असं घरात ठरलं. त्यात कुणाचं वाईट करायचा विचार नव्हता, आमच्या घरांत काहीही फेकून द्यायची सवय नसते. खालच्या मजल्यावरची मुलगी त्याच कॉलेजच्या, त्याच कोर्सच्या प्रतीक्षा यादीत वरच्या नंबरांत होती. रोज कॉलेजच्या फेऱ्या मारत होती. नळावर दोघांच्या आयांचं बोलणं झालं तेव्हा हे उघडकीला आलं. मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी धावत कॉलेजात गेला, अर्ज दिला, प्रवेश रद्द केला. शेवटची यादी आदल्या दिवशी लागून गेली होती. ती मुलगी दुसरीकडे बी.कॉम.ला गेली. दोघे एकाच जिन्याने येतात-जातात.

दरवर्षी अशा कितीतरी जागा कुणाच्या तरी नावावर रिकाम्या पडून राहतात. पालकांना वाटतं की प्रवेश रद्द केला तर पैसे बुडतील. विद्यापीठ अनुदान आयोगाचा 2018 चा नियम आहे: प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या 15 दिवस आधी सोडलं तर थोडी वजावट करून सगळी फी परत मिळते, जसजसा उशीर होईल तसतशी परत मिळणारी रक्कम घटत जाते, आणि त्या तारखेनंतर 30 दिवस उलटले की काहीच मिळत नाही. मूळ गुणपत्रिका आणि दाखला अडकवून ठेवायचाही कॉलेजला अधिकार नाही. तेव्हा थांबण्यात तुमचंही नुकसानच आहे.

यंदा तुमच्या घरात कुणाचं नाव दोन ठिकाणी लागलं असेल, तर एक जागा नक्की झाली की त्याच आठवड्यात दुसऱ्या कॉलेजात जा. लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, मूळ कागद परत घ्या. तुमच्या मुलाला सोबत न्या, म्हणजे त्यालाही कळेल हे कसं करायचं ते. आणि शेवटची यादी लागायच्या आत जा.